हळद, स्टेम सेल आणि पक्षाघात



आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील तिकडे आहेत. त्यांच्यात कुणाला पक्षाघात झाला की फोन येतो आणि पाठोपाठ नातेवाइकांचे सल्ले: अमुक ठिकाणी स्टेम सेलने लकवा बरा करतात, खर्च काही लाख, तोवर हळदीच्या कॅप्सूल पाठव. आम्ही डॉक्टर नाही, संगणकवाले. पण डॉलर पाठवण्याआधी जे वाचायला हवे ते वाचले, ते इथे देत आहोत.

पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो. मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे टीपीए अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाले, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. म्हणून स्टेम सेलची आशा.

टोचलेली पेशी मेंदूत नवी चेतापेशी बनेल, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात या पेशी बहुधा फार काळ टिकत नाहीत. त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे आजूबाजूच्या पेशी सावरतात, असे आता मानतात. स्टॅनफर्डच्या डॉ. गॅरी स्टाइनबर्ग यांच्या गटाने १८ जुन्या रुग्णांच्या कवटीला लहान छिद्र पाडून पेशी सोडल्या. २०१६ साली निकाल छापून आला, काहींच्या हातापायांत सुधारणा दिसली आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढे १६३ रुग्णांवर, काहींना नुसतेच छिद्र पाडून, चाचणी झाली, तेव्हा २०१९ मध्ये अपेक्षित फरक दिसला नाही.

आपल्याला जवळची चाचणी दिल्लीच्या एम्सची. डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत १२० रुग्ण घेतले. निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून दिल्या. २०१४ साली छापलेला निकाल: अपाय नाही, पण फायदाही नाही. क्लिनिकवाले यातले पहिले तेवढे सांगतात!

आता वनस्पती. हळदीतील कर्क्युमिनने उंदरांच्या मेंदूची हानी कमी होते. लुईव्हिल विद्यापीठात तर स्टेम सेलमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांत कर्क्युमिन भरून ते उंदरांच्या नाकातून दिले, तेही उपयोगी ठरले. माणसात मात्र पोटातून घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोचते. याहून पुढे गेले आहे ते सेलरीच्या बियांतले ब्युटिलफ्थॅलाइड. चीनमध्ये ते २००२ पासून वापरात आहे. तिथल्याच १,२१६ रुग्णांच्या चाचणीत (२०२३) नव्वद दिवसांनी चांगली स्थिती औषध घेणाऱ्यांपैकी ५६.७ टक्क्यांत दिसली, इतरांत ४४ टक्क्यांत. अमेरिकेत ते मंजूर नाही.

पक्षाघातासाठी स्टेम सेलचा कोणताही उपचार एफडीएने मंजूर केलेला नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतातही तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो. तेव्हा क्लिनिकला सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक नाही आणि वर लाखांचे बिल, तर पैसे राखून ठेवा. ते चांगल्या फिजिओथेरपिस्टला महिनोन्‌महिने पुरतील.

आईबाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर हळदीच्या कॅप्सूलही डॉक्टरांना विचारूनच. आणि इथून १०८ लागत नाही, म्हणून शेजारच्या काकांचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते असे दिसले, तर १०८ त्यांनी फिरवायचा आहे.