कॅल्शियमचा तोल आणि डोळ्यातील मोतीबिंदू

रक्तदाबाच्या काही गोळ्या कॅल्शियम रोखतात. मग त्यांमुळे मोतीबिंदू होतो की टळतो, असा प्रश्न अनेक रुग्णांना पडतो. त्याचे उत्तर भिंगाच्या रचनेत दडलेले आहे.

डोळ्यातील नैसर्गिक भिंगात रक्तवाहिन्या नसतात आणि त्याच्या आतील पेशींनी आपली केंद्रकेही टाकून दिलेली असतात. या पेशींत क्रिस्टॅलिन नावाची प्रथिने दाटीवाटीने, पण सुव्यवस्थितपणे भरलेली असतात. ही व्यवस्था बिघडून प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या, की प्रकाश विखुरतो आणि भिंग धुरकट होते. हाच मोतीबिंदू.

भिंगाभोवतीच्या द्रवाच्या तुलनेत पेशींमधील मुक्त कॅल्शियम हजारो पटींनी कमी असते. ऊर्जा खर्चून चालणारे सूक्ष्म पंप ते सतत बाहेर टाकतात. पंप दुबळे झाले किंवा पेशीचे आवरण गळू लागले, की कॅल्शियम आत साचते. त्यामुळे कॅल्पेन ही विकरे कार्यरत होऊन प्रथिनांचे तुकडे पाडू लागतात. सेलेनाइट दिलेल्या उंदरांच्या पिलांत मोतीबिंदू होतो, तो याच मार्गाने.

मात्र कॅल्शियमच्या कामात कोठे अडथळा आणला जातो, यावर परिणाम ठरतो. कॅल्पेनला रोखणाऱ्या द्रव्यांनी प्रयोगशाळेत प्राण्यांच्या भिंगांचा धुरकटपणा कमी केला आहे. याउलट, पेशीतील कोठारांत कॅल्शियम भरणारा पंप बंद पाडणाऱ्या थॅप्सिगार्गिन या वनस्पतिजन्य द्रव्याने स्वच्छ भिंग गढूळ होते.

रक्तातील कॅल्शियम फार घटले, तरीही मोतीबिंदू होऊ शकतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झालेल्या रुग्णांत हा धोका असतो. बोटांना मुंग्या येणे, पेटके येणे ही त्याची पूर्वसूचना असते. म्हणून मोतीबिंदूच्या धास्तीने डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियम बंद करणे घातक ठरते.

अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतील कॅल्शियममार्ग रोखतात. त्यांचा मोतीबिंदूशी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. त्या परस्पर सोडल्यास पक्षाघाताचा धोका मात्र वाढतो. मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध औषध आजही उपलब्ध नाही. धुरकट भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे, हाच खात्रीचा उपाय आहे. मधुमेही आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी दृष्टी मंदावण्याची वाट न पाहता नियमित नेत्रतपासणी करून घ्यावी.