घर विकायचंय? घाई नको, वेळ बघा

ताईंनो, गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. लग्न तोंडावर आलं, दवाखान्याचा खर्च निघाला की घर घाईत विकलं जातं. गिऱ्हाईक आपली घाई ओळखतं आणि भाव पाडतं.

मग बरी वेळ कोणती? पावसाळ्यात माळवद गळतं, भिंतीला ओल येते. बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. पितृपंधरवड्यात बरेच जण व्यवहार टाळतात. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखाने सुरू होतात आणि सोलापूर जिल्ह्यात उसाचा पैसा फिरू लागतो. तिथून अक्षय तृतीयेपर्यंतचा काळ चांगला. रेडी रेकनरचे दर बदलले तर ते १ एप्रिलपासून लागू होतात, म्हणून काही जण मार्चअखेर खरेदीखत उरकायला बघतात.

पण गिऱ्हाईक दारात आणि कागद अपुरे, असं नको. कागदांचं काम पावसाळ्यातच धरा:

• ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. घरपट्टी भरा.
• घर मयत सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद करा.
• वडिलोपार्जित घरात मुलींचाही हिस्सा असतो. नणंदांशी आधीच बोला, त्यांच्याही सह्या लागतात.

राहायचं कुठं हे ठरल्याशिवाय इसार घेऊ नका. कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पैसे बँक खात्यातच घ्या.

आणि अडचण चार-सहा महिन्यांचीच असेल, तर आधी गटाच्या बैठकीत बोला. गटाचं कर्ज हप्त्यानं फिटतं. विकलेलं घर परत येत नाही.