काम येणं आणि काम शिकवता येणं

आजचा विषय आहे कामाच्या जागी दिलं जाणारं कौशल्याचं प्रशिक्षण. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं कारखान्यात काय काम, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण ज्ञान म्हणजे काय आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं कसं, हा आमचा जुनाच प्रश्न. कारखान्यात तो रोज पहिल्या पाळीला उभा राहतो, इतकंच.

आपल्याकडे एक पद्धत सर्रास चालते. नवा मुलगा कामावर येतो. सुपरवायझर त्याला एखाद्या जुन्या कामगाराजवळ उभं करतो आणि म्हणतो, ‘बघून घे, येईल हळूहळू.’ आठ दिवसांनी माल खराब निघाला किंवा बोट यंत्रात सापडलं, की निकाल ठरलेला: मुलगाच धांदरट. या निकालामागे एक गृहीतक आहे. ज्याला काम येतं, त्याला ते शिकवताही येतं. आज आपण ते तपासून पाहू.

कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ आठवा. त्यात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद होतो. निवाड्याला बसलेली परिव्राजिका स्वतःकडे विद्या असणं आणि ती दुसऱ्यात उतरवता येणं या दोन गोष्टी वेगळ्या काढते. म्हणून परीक्षा आचार्यांची, पण नाचून दाखवायचं शिष्येनं. आचार्य किती छान नाचतात, हा प्रश्नच तिथे नाही.

हाच भेद विसाव्या शतकात एका मोठ्या उद्योगव्यवस्थेला नव्यानं शिकावा लागला. १९४० साली अमेरिकेत युद्धसामग्रीचं उत्पादन वाढायला लागलं. कारखान्यांत नवखी माणसं भराभर येऊ लागली, पुढे स्त्रियाही मोठ्या संख्येनं आल्या. अनुभवी कारागीर मात्र तेवढे नव्हते. तेव्हा सरकारनं ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची योजना सुरू केली. तिची कल्पना साधी होती. लाखो कामगारांना आपण थेट शिकवू शकत नाही, म्हणून त्यांना शिकवणाऱ्या सुपरवायझरांना शिकवायचं. दहा-दहा जणांचे गट, दोन-दोन तासांची पाच सत्रं. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून जास्त लोक या वर्गांमधून बाहेर पडले.

यातल्या ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ या वर्गातलं एक प्रात्यक्षिक फार बोलकं आहे. विजेच्या वायरीला ताण बसला तरी जोड निखळू नये म्हणून इलेक्ट्रिशियन एक गाठ मारतात. प्रशिक्षक पहिल्या माणसाला ती गाठ नुसती तोंडानं सांगतो. त्याला ती जमत नाही. दुसऱ्याला न बोलता नुसती करून दाखवतो. त्यालाही जमत नाही. मग तिसऱ्याला पद्धतशीर शिकवतो, आणि गाठ बसते. वर्गातल्या सुपरवायझरांना कळायचं ते कळतं: आपण कामावर पहिल्या दोन पद्धतीच वापरत आलो!

गंमत बघा. १९४५ मध्येच इंग्लंडमध्ये गिल्बर्ट राइल हा तत्त्वज्ञ ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांतला फरक मांडत होता. दुसऱ्या प्रकारचं ज्ञान म्हणजे पहिल्या प्रकारच्या वाक्यांची बेरीज नव्हे, हा त्याचा मुद्दा. उकडीच्या मोदकाला सुबक कळ्या पाडणाऱ्या आजीला विचारा, कशा पाडता? ‘अगं, अशा!’ याच्या पुढे उत्तर जात नाही. ज्ञान बोटांत आहे, जिभेवर नाही. कुशल माणूस बऱ्याचदा शिकवण्यात कमी पडतो तो याच कारणानं. त्याला जे सवयीनं जमतं, ते त्याच्या स्वतःच्या नजरेतूनच निसटलेलं असतं.

मग उपाय काय? शिकवण्याआधी सुपरवायझरनं ते काम स्वतःसाठी उलगडून कागदावर मांडायचं. महत्त्वाचे टप्पे कोणते? प्रत्येक टप्प्यात मेख कुठे आहे? मेख ओळखायच्या खुणा तीन: जिच्यावर काम बनतं किंवा बिघडतं ती, जिच्यामुळे इजा होऊ शकते ती, आणि जिच्यामुळे काम सोपं होतं ती. त्यानंतर शिकवण्याच्या चार पायऱ्या. पहिली, माणसाची भीड मोडायची आणि त्याला आधीच काय येतं ते विचारायचं. दुसरी, एकेक टप्पा सांगत-दाखवत जायचं, एका वेळी पेलवेल तेवढंच. तिसरी, त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करताना मेख कुठे आहे हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. चौथी, त्याला एकट्याला काम द्यायचं, पण अडलं तर कुणाकडे जायचं ते सांगून ठेवायचं, आणि सुरुवातीला वरचेवर चौकशी करायची.

या वर्गात सुपरवायझरांना खिशात ठेवायला एक छोटं कार्ड मिळायचं. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानंच शिकवलेलं नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यावर होतं. माझ्या मते सगळ्या योजनेचं नैतिक सार या वाक्यात आहे. दोष आधी कुणाकडे पाहायचा, याचा क्रमच ते उलटा करतं. नवा कामगार हा त्या जागेवरचा सर्वांत दुबळा माणूस असतो. त्याला प्रश्न विचारायची भीती वाटते, कारण विचारलं तर आपल्याला येत नाही हे उघड होईल. आणि न विचारण्याची किंमत कधीकधी बोटानं मोजावी लागते.

तुम्ही म्हणाल, असे टप्पे पाडून आपण माणसाचा पोपट करत नाही का? आक्षेप खरा आहे. त्या काळात दुर्बिणींची भिंगं घासणाऱ्या कारागिरांचं काम असंच तुकड्यांत विभागलं गेलं. पाच वर्षांचं शिक्षण काही महिन्यांवर आलं, पण नवशिक्याच्या वाट्याला आली ती अख्ख्या कसबातली एक फोड. राइलनंही कवायत आणि शिक्षण यांत फरक केला होता. कवायतीत माणूस तेच ते करतो, शिक्षणात तो करता करता विचार करतो. या दोहोंतली सीमा ठरते ‘का?’ या प्रश्नानं. असंच का करायचं, हे कामगाराला सांगितलं असेल, तर परिस्थिती बदलली की तो स्वतः निर्णय घेऊ शकतो. नसेल सांगितलं, तर तो पोपटच.

युद्ध संपलं, योजना बंद झाली, आणि अमेरिकी कारखाने ती बरीचशी विसरले. युद्धोत्तर जपाननं ती उचलली. टोयोटानं १९५० च्या दशकात ती स्वीकारली आणि आपल्या रोजच्या कामाचा भाग केली. पद्धत तीच होती. फरक पडला तो सुपरवायझरचं शिकवणं हे फावल्या वेळातलं नव्हे, तर त्याचं मुख्य काम मानलं गेल्यामुळे.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या हाताखाली माणसं असतील, कारखान्यात, बँकेत, इस्पितळात. पुढच्या वेळी ‘याला काही येतच नाही’ हे वाक्य ओठांवर आलं, तर क्षणभर थांबा आणि चार पायऱ्यांपैकी आपण कोणती गाळली ते पाहा. बहुतेक वेळा तिसरी गाळलेली असते. आपण सांगतो, दाखवतो आणि निघून जातो. त्याच्याकडून करून घ्यायला, त्याच्या तोंडून ऐकायला थांबत नाही. तेवढं थांबणं म्हणजेच शिकवणं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.