विळा, खुरपे आणि कोयता : जुनी पाती व नवे घाट

शेतीच्या अवजारांचा विषय निघाला म्हणजे ट्रॅक्टर, पेरणीयंत्र व मळणीयंत्र ह्यांचीच नावे प्रथम पुढे येतात. तथापि औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार व त्याच्या परिसरात कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी डोकावून पाहिले, तर विळा, खुरपे व कोयता ही अवजारे हाताशी असलेली दिसतील. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, हळद ह्यांपैकी कोणतेही पीक घेतले, तरी त्याचे काही ना काही काम हातातील पात्यानेच होते. ओळींमधील तण कोळप्याने निघते. परंतु दोन रोपांमधील तण काढावयास खुरपेच लागते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात व दिवसच्या दिवस उकिडवे बसून करतात. म्हणून पात्याच्या गुणदोषांचा प्रश्न हा त्यांच्या कंबरेचा, मनगटाचा व मजुरीचा प्रश्न आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पात्यांचे नवे घाट सुचविण्याचा उत्साह आम्हा अधिकाऱ्यांत पुष्कळ असतो. ह्या लेखात परदेशांतील काही पात्यांची माहिती दिली आहे. परंतु तिचा हेतू ती पाती जशीच्या तशी येथे आणावीत असा नाही. त्यांच्यामागील तत्त्व कोणते व ते आपल्या जमिनीत, पिकात व गावच्या लोहाराच्या भट्टीत कितपत उतरेल, हे पारखून पाहावे, एवढाच तिचा हेतू आहे.

जुन्या घाटामागील कारणे

आपल्या पूर्वजांनी पात्यांना जे आकार दिले ते अकारण दिलेले नाहीत. विळ्याचे पाते आतल्या बाजूस वळलेले असते. त्यामुळे ताटे निसटून न जाता धारेच्या पोटात गोळा होतात, आणि विळा ओढताना धार ताटावरून सरकत जाते. सरकत्या धारेस सरळ दाबाच्या धारेपेक्षा कमी जोर लागतो. भाजी चिरताना आपण सुरी नुसती दाबत नाही, ओढतो. तेच तत्त्व येथे आहे.

खुरप्याची मान वाकविलेली असते. पाते जमिनीशी जवळजवळ समांतर फिरावे, तण मुळाच्या वरच्या भागात कापले जावे आणि बोटांची पेरे ढेकळांवर घासू नयेत, असा तिचा उपयोग आहे. कोयत्यात वजन टोकाकडे ठेवलेले असते. हात थोडा उचलला तरी पात्याच्या भारानेच घाव बसतो. वखराच्या पाशीचेही तसेच आहे. ती मातीखाली आडवी सरकून तणाची मुळे कापते, म्हणून तिची धार एकसारखी पातळ असावी लागते. झिजलेली पास तापवून, ठोकून पुन्हा पातळ करणे, म्हणजेच शेवटणे, हे बारा बलुतेदारांपैकी लोहाराचे ठरलेले काम होते. ज्या गावी लोहार नसे तेथे घिसाडी आपला भाता व ऐरण गाडीत घालून येत असत.

ह्या प्रदेशास पोलादाची परंपराही जवळची आहे. नांदेडलगतच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. १९५६ पर्यंत तो जिल्हा व आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. कोनासमुद्रम येथे मुशीत तयार होणारे पोलाद घेण्यासाठी पूर्वी इराणचे व्यापारी येत असत. ‘वूट्झ’ नावाने जगभर प्रसिद्ध झालेले पोलाद ते हेच. लोखंडात कर्ब योग्य प्रमाणात मिसळला म्हणजे त्यास टिकाऊ धार येते, हे ज्ञान आपल्या शेजारी शतकानुशतके नांदत होते.

इतर देशांतील पाती

जपान : जपानी विळ्याचे पाते पातळ व हलके असते आणि त्याची धार बहुधा एकाच बाजूने घासलेली असते. तेथील लोहार मऊ लोखंडाच्या पाट्यास कठीण पोलादाची पट्टी जोडून पाते घडवितात. धार कठीण राहते व पाठीचे मऊ लोखंड धक्का सोसते, म्हणून पाते सहसा तुटत नाही. भातकापणीसाठी तेथे करवतीसारखे बारीक दाते असलेला विळाही वापरतात. दाते ताटास धरून ठेवतात, त्यामुळे झटका न देता नुसते ओढून काप घेता येतो.

महाराष्ट्रात दापोली येथील कोकण कृषि विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा ह्याच तत्त्वावर काम करतो. त्याने भात जमिनीलगत कापता येते. त्यामुळे खोडकिडीच्या अळ्यांना धसकटात आश्रय उरत नाही. एक विळा, परंतु कापणी व कीडनियंत्रण अशी दोन कामे त्यात साधली गेली. मात्र दातेरी विळ्यास नेहमीच्या दगडावर धार लावता येत नाही, हे घेण्यापूर्वीच लक्षात ठेवावे.

युरोप : युरोपात गवत व गहू कापण्यासाठी लांब दांड्याचा मोठा विळा दोन्ही हातांनी, उभ्याने फिरवीत असत. त्यास पाठ वाकवावी लागत नाही, म्हणून तो आपल्याकडे आणावा असा मोह होतो. परंतु त्यास सपाट जमीन व एकसारखे उभे पीक लागते. आपल्या सरी-वरंब्यांत त्याचे टोक ढेकळात रुतेल आणि वाळलेल्या सोयाबीनवर त्याचा फटका बसताच शेंगा फुटून दाणा जमिनीवर सांडेल. तो घाट आपल्या उपयोगाचा नाही. घेण्यासारखी आहे ती त्या कापणाऱ्याची सवय. तो कंबरेला पाण्याच्या डब्यात धारेचा दगड बाळगतो व थोडी थोडी कापणी झाली की उभ्या उभ्याच धार ताजी करतो.

हॉलंड : लांब दांड्याच्या टोकास आडवे पाते बसवून ते मातीच्या वरच्या थरातून पुढे ढकलावयाचे व तण कापावयाचे, असे एक अवजार ‘डच’ नावाने ओळखले जाते. आपल्याकडील सायकल कोळपे त्याच पद्धतीने चालते. उभ्याने काम होते, हा त्याचा मोठा गुण होय.

कोयत्याचे भाऊबंद तर जगभर आहेत. लॅटिन अमेरिकेत हिरवी, रसदार वाढ तोडण्यासाठी लांब व पातळ पाते वापरतात. नेपाळच्या खुकरीत वजन पुढे झुकलेले असते. इंग्लंडमध्ये कुंपण छाटण्याच्या कोयत्याचे टोक आकड्यासारखे वळविलेले असते व तेथे परगण्यापरगण्याला त्याचा घाट बदलतो. ह्यावरून एकच गोष्ट स्पष्ट होते : हिरव्या रसदार ताटास पातळ पाते व तुरीच्या वाळलेल्या लाकडासारख्या खोडास जाड, वजनदार पाते लागते. दोन्ही कामे एकाच कोयत्याने करू गेल्यास एक काम बिघडते.

एक अनुभव

नोकरीच्या आरंभीच्या दिवसांत मी असेच ढकलण्याचे एक खुरपे करवून घेतले व पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या रानात मोठ्या हौसेने नेले. दहा हात जाण्यापूर्वीच पात्यावर नारळाएवढा चिखलाचा गोळा बसला. खुरपणी करणारी एक वयस्क बाई शांतपणे म्हणाली, “साहेब, रान आजून ओलं हाय. वाफसा येऊ द्या, मग चालंल तुमचं.” तीन दिवसांनी वाफसा आल्यावर तेच अवजार ओळींमधून चांगले चालले. मात्र रोपांच्या बुंध्याशी असलेले तण तसेच राहिले व तेथे त्या बाईंना खुरपे घेऊन बसावेच लागले.

ह्यातून दोन धडे मिळाले. आपली काळी जमीन ओली असता चिकटते व वाळली असता दगडासारखी होऊन भेगाळते; म्हणून पात्याचा गुण वाफशावर अवलंबून असतो. दुसरे असे की, नवे अवजार जुन्यास हद्दपार करीत नाही. ते त्याचे काही काम हलके करते. बसून करावयाच्या कामाचा काही भाग उभ्याने झाला, तरी तो लाभ लहान नव्हे. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हाही लोखंडाने जमीन नासेल अशा शंकेने शेतकरी आरंभी मागे सरत होते. शंका घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. ती प्रत्यक्ष कामाने दूर करणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

आकारापेक्षा पाणी महत्त्वाचे

घाट कितीही उत्तम असला, तरी पात्यास नीट पाणी दिलेले नसेल तर तो व्यर्थ होय. बाजारात साच्यातून काढलेली पाती स्वस्त मिळतात. ती सर्वच निकृष्ट असतात असे नाही. परंतु ज्या लोखंडात कर्ब अत्यल्प असतो, त्यास कितीही पाणी दिले तरी कठीण धार येत नाही. पारख करण्यासाठी चांगली कानस धारेजवळ हलकेच फिरवावी. ती किंचित चावून घसरू लागली तर पाते चांगले समजावे. सहज खोल चावली तर पाते मऊ आहे असे समजावे.

गावच्या लोहाराकडून पाते घडवून घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) मालमोटारीच्या जुन्या कमानीचे पाटे विळा, खुरपे व कोयता ह्यांस चांगले. त्यांत शेकडा अर्धा ते पाऊण टक्का एवढा कर्ब असतो. पाट्यास भेग नाही, ह्याची आधी खात्री करावी. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड भट्टीत घालू नये. त्याचा धूर अपायकारक असतो.

(२) पोलाद पांढरे, ठिणग्या उडेपर्यंत तापवू नये. तसे केल्यास ते जळते व पुढे ठिसूळ होते.

(३) पाणी देण्यापूर्वीचा ताव सावलीत पाहावा. उन्हात लाल रंग फिका दिसतो व ताव अधिक चढतो. तारेला बांधलेले लोहचुंबक जवळ नेऊन पाहावे. सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकास ओढले जाणे थांबते. त्याहून किंचित अधिक तापवून पाते विझवावे.

(४) कमानीचे पोलाद तेलात विझविणे अधिक सुरक्षित असते. थंड पाण्यात एकदम बुडविल्यास केसासारख्या भेगा पडण्याचा संभव असतो. तेलाचा भडका उडू शकतो, म्हणून झाकण व कोरडी माती जवळ ठेवावी.

(५) विझविलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून स्वच्छ करावे व पाठीकडून मंद तापवावे. धारेवर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा असे रंग येतात. विळ्यास तपकिरी रंगावर थांबावे. खुरपे दगडावर आपटते व कोयत्यास घाव सोसावे लागतात, म्हणून त्यांस जांभळ्या रंगापर्यंत जाऊ द्यावे.

(६) विजेच्या सहाणेवर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. धार निळी पडली म्हणजे तिचे पाणी उतरले असे समजावे.

(७) मूठ वापरणाऱ्याच्या हाताच्या मापाची असावी. पुरुषाच्या पंजासाठी केलेली जाड मूठ दिवसभर धरल्याने स्त्रीच्या मनगटावर ताण येतो. डावखुऱ्या माणसासाठी एका बाजूने घासलेली धार उलट बाजूने घ्यावी.

नव्या घाटाची परीक्षा

नवे पाते एकदम डझनभर करवून घेऊ नये, एकच करावे. तेच शेत, तेच तण व तीच व्यक्ती ठेवून एक ओळ जुन्या पात्याने व एक ओळ नव्या पात्याने घ्यावी. प्रत्येक ओळीस लागलेली मिनिटे, धार किती वेळा लावावी लागली व किती रोपे चुकून कापली गेली, ह्यांची नोंद ठेवावी. सोयाबीनच्या कापणीत किती दाणे जमिनीवर सांडले तेही मोजावे. बोथट विळ्याच्या झटक्याने होणारे नुकसान तेव्हाच डोळ्यांस दिसते. असे तीन दिवस करावे, कारण पहिल्या दिवशी हात जुन्याच पात्यास सरावलेला असतो. शेवटी, ज्या हातांनी काम केले त्यांनाच विचारावे. शेतमालक बांधावर उभा राहून देतो ते मत नोंदवहीत दुय्यम समजावे.

काम संपल्यावर पात्यावरील चिकट रस व माती पुसून तेलाचा हात द्यावा, धारेवर जुन्या रबरी नळीचा चिरलेला तुकडा बसवावा व पाते मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. पात्याने जखम झाल्यास ती स्वच्छ धुऊन धनुर्वाताच्या लसीविषयी आरोग्य केंद्रात लगेच विचारणा करावी.

लोहार टिकला तर सुधारणा टिकेल

कारखान्यातून आलेले पाते मोडले की फेकावे लागते; लोहाराने घडविलेले पाते शेवटता येते, त्याची मान बदलता येते व मूठ हाताजोगी करता येते. नव्या घाटाचा खरा प्रयोगकर्ता लोहारच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहारकामाचा समावेश असून प्रशिक्षण, अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीच्या व्याजाचे कर्ज अशी तरतूद आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या लोहारास ही माहिती द्यावी व अर्ज भरण्यास मदत करावी.

शेतकरी बंधू-भगिनींनी ह्या हंगामात एक गोष्ट अवश्य करून पाहावी. कापणीस आरंभ होण्यापूर्वी आठ दिवस घरातील सर्व पाती बाहेर काढून लोहाराकडे न्यावीत, आणि ज्या स्त्रिया ती वापरतात त्यांनाही बरोबर घेऊन जावे. कोणत्या पात्याची मान किती वाकवावी व मूठ कशी हवी, हे त्या लोहारास आपल्यापेक्षा अधिक नेमके सांगतील.