सायलेन्सर की ध्वनिवर्धक?

सायलेन्सर म्हणजे आवाज शांत करणारे साधन. आपल्याकडे मात्र गेली काही वर्षे ते आवाज वाढवण्यासाठी विकत घेतले जाऊ लागले आहे. शंभर-सव्वाशे सीसीची, मूळची सोशिक आणि अबोल अशी मोटारसायकल हप्त्यांवर घ्यायची, तिचा कारखान्यातून आलेला सायलेन्सर उतरवायचा आणि त्याच्या जागी बाजारातला दणदणीत सायलेन्सर बसवायचा. तेवढे पैसे नसतील तर जुन्याच सायलेन्सरची आतली 'पुंगळी' काढून टाकायची, हा आता केवळ शहरांतलाच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतलाही परिपाठ झाला आहे. रात्री अकरानंतर अशी एक गाडी वस्तीतून जाते तेव्हा तिच्यावर बसलेला एकटा सुखावतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे दचकून जागी होतात. त्यांत कोणी पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार असतो, कोणी महत्प्रयासाने डोळा लागलेला रुग्ण असतो. एकाच्या हौसेची किंमत अनेकांनी झोप गमावून मोजावी, असा हा व्यवहार आहे.

या हौसेमागे एक समजूत आहे. नळी मोकळी केली की इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि गाडीला जोर येतो, असे गॅरेजमध्ये सर्रास सांगितले जाते. ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर पडत असताना ताज्या मिश्रणाचा काही भागही त्याच्यामागोमाग निसटतो. नळीचा आकार नेमका ठेवला, तर तिच्यातून परतणारी दाबाची लाट हे निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात लोटते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांसाठी विकसित केले; १९६१ मध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निघून गेला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीपर्यंत पोहोचली. आपल्याकडे १९८५ मध्ये अवतरलेल्या यामाहा आरएक्स १०० ने ज्या पिढीला वेड लावले, त्या पिढीच्या कानांत नळीचा नाद आणि गाडीचा वेग यांची सांगड तेव्हाच बसली. तथापि त्या तंत्रातही शक्ती आली ती नळीच्या मोजून-मापून ठरवलेल्या आकारामुळे, आवाजामुळे नव्हे. आवाज हा केवळ आनुषंगिक होता.

आज रस्त्यावर धावणाऱ्या लहान गाड्या बहुतांशी फोर-स्ट्रोक आहेत. त्यांत वायूचे येणे-जाणे झडपांच्या स्वाधीन असते आणि शंभर सीसीच्या इंजिनाची शक्ती सुमारे आठ अश्वशक्तीची असते. बाहेरची झडप उघडली की सिलिंडरातला दाबाखालचा तप्त वायू स्फोटासारखा बाहेर झेपावतो. सायलेन्सरातील कप्पे आणि सच्छिद्र नळ्या या लाटांना परस्परांवर आदळवून त्यांचा जोर मोडतात. ती रचना काढून टाकली की स्फोट उघडा पडतो. आठ अश्वशक्तींच्या सोळा होत नाहीत. फार तर इंजिनाच्या अगदी वरच्या फेऱ्यांत किंचित फरक पडेल; पण बाजारपेठेच्या गर्दीत रखडणाऱ्या गाडीला त्या फेऱ्या लाभतात कधी? शिवाय एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांत विषारी वायूंचे शमन करणारा उत्प्रेरक याच नळीत बसवलेला असतो. संपूर्ण नळी बदलताना तोही जातो आणि कानांबरोबर फुप्फुसांनाही दंड बसतो.

याविषयी कायदा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारे साधन असलेच पाहिजे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीसाठी उत्पादनाच्या वेळच्या चाचणीत ७७ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचे माप विलक्षण असते. त्यात दहाची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मर्यादा ओलांडण्याचा अर्थ कळतो. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली. शांततेने जगणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिला. २०१९ च्या दुरुस्तीने आवाजाची मानके मोडणाऱ्या चालकास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूदही झाली आहे.

मग उणे कोठे आहे? पोलीस अधूनमधून मोहीम काढतात, जप्त केलेले सायलेन्सर भर चौकात रांगेने मांडतात आणि त्यांवरून रोड रोलर फिरवतात. छायाचित्रे छापून येतात, नागरिक समाधान पावतात. आणि दुसऱ्या दिवशी त्याच शहरातल्या सुट्या भागांच्या बाजारात तेच सायलेन्सर दारावर टांगलेले दिसतात. कायद्याचा भार मुख्यतः चालकावर आणि मालकावर पडतो. विकणारा आणि बसवून देणारा बहुधा सुटतो. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. तेवढ्या काळात परिवहन कार्यालयाला ती पुन्हा तपासण्याचे सहसा कारण पडत नाही. पीयूसी केंद्रावर धूर मोजला जातो, आवाज नाही. प्रमाणपत्रासाठी गाडी जेथे नियमाने जाते, तेथेच तिचा सायलेन्सर पाहिला आणि आवाज मोजला, मूळ सायलेन्सर पुन्हा बसवून आणल्याखेरीज प्रमाणपत्र मिळणार नाही असे ठरवले आणि विक्रेत्यालाही चालकाइतकेच जबाबदार धरले, तर रोड रोलरची गरज क्वचितच पडेल.

परंतु केवळ त्या तरुणाला धारेवर धरून हा विषय मिटवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या ध्वनिभिंती उभ्या करणारे कोण? त्यांच्या वर्गणीच्या पावत्या फाडणारे आणि त्यांच्यासमोर हार घालून मिरवणारे कोण? ज्याचा आवाज मोठा त्याचे अस्तित्व मोठे, हा धडा आपण प्रौढांनीच सार्वजनिक जीवनात गिरवून दाखवला आहे. आठ अश्वशक्तीच्या गाडीवर बसलेला, हप्त्यांखाली दबलेला आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेला तरुण तोच धडा आपल्या ऐपतीप्रमाणे गिरवतो. आपण येथून जात आहोत हे गावाला कळावे, एवढीच त्याची आकांक्षा असते. ती समजून घेता येईल. तिचे समर्थन मात्र करता येणार नाही, कारण ज्यांची झोप तो मोडतो त्यांतील बहुतेक जण त्याच्याइतकेच दुर्लक्षित आणि त्याच्याहून अधिक थकलेले असतात.

रस्ता सर्वांचा आहे, म्हणून त्यावर कोणालाही जाता येते. त्याच रस्त्याकडेला सर्वांची घरेही आहेत, म्हणून त्यावरून जाताना आवाज आवरावा लागतो. सायलेन्सर या साध्या लोखंडी वस्तूत एवढा समंजस विचार घातलेला होता. तो पुंगळीबरोबर भंगारात टाकून देणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही.