उंची की चपळाई? बास्केटबॉलमधील ‘स्मॉल बॉल’चे गणित

‘आमच्याकडे उंच खेळाडू नाही’, हे कारण शालेय बास्केटबॉल स्पर्धांत पराभवानंतर हमखास ऐकू येते. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते, तेव्हा उंचीचे महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उंच ‘सेंटर’ला बाकावर बसवून त्याच्या जागी वेगवान, दुरून अचूक नेम साधणारा खेळाडू उतरवण्याची पद्धत गेल्या दशकभरात जगभर रूढ झाली आहे. तिलाच ‘स्मॉल बॉल’ म्हणतात. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचे यजमानपद भूषविलेल्या गोव्यासारख्या लहान राज्यात निवडीसाठी खेळाडूच मोजके असतात. त्यामुळे ही पद्धत आपल्याला कितपत उपयोगी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अडचण केवळ गोव्याची नाही. खानदेशातून गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या सुरतेतील बमरोलीसारख्या भागातली शाळा घ्या किंवा सत्तरीतली. दहा-बारा मुलांच्या संघात सहा फुटांचा मुलगा एखादाच असणार. त्याच्याभोवती संघ बांधायचा की त्याच्यावाचून खेळायला शिकायचे, हा निर्णय दोन्हीकडच्या क्रीडाशिक्षकाला घ्यावा लागतो.

२०१५ चा धडा

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण एनबीएच्या २०१५ च्या अंतिम मालिकेत सापडते. गोल्डन स्टेट वॉरियर्स संघ क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असा पिछाडीवर होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळले आणि साडेसहा फुटी आंद्रे इगुओडालाला उतरवले. सेंटरची जबाबदारी तेवढ्याच उंचीच्या ड्रेमंड ग्रीनने पेलली. क्लीव्हलँडचा सात फुटांहून उंच सेंटर टिमोफे मोझगॉव्ह याने त्या सामन्यात तब्बल २८ गुण मिळवले. तरीही वॉरियर्सने १०३-८२ असा विजय मिळवला.

यापुढचे वळण अधिक उद्बोधक आहे. पाचव्या सामन्यात क्लीव्हलँडनेच आपला संघ ठेंगणा केला आणि मोझगॉव्हला जेमतेम नऊ मिनिटे मिळाली. आदल्या सामन्यातील आपला सर्वाधिक यशस्वी खेळाडू प्रतिस्पर्ध्याने स्वतःहून बाहेर बसवला. वॉरियर्सने ती मालिका ४-२ अशी जिंकली आणि चाळीस वर्षांनी विजेतेपद मिळवले. समोरच्या प्रशिक्षकाला आपल्या चालीने खेळायला भाग पाडणे, हेच स्मॉल बॉलचे खरे बळ होय.

गुणांचे गणित

यामागे साधा हिशेब आहे. दोन गुणांच्या शंभर प्रयत्नांपैकी ४८ यशस्वी झाले, तर ९६ गुण मिळतात. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरांपैकी केवळ ३४ यशस्वी झाले, तरी १०२ गुण होतात. शिवाय पाचही खेळाडू बाहेरून नेम साधू शकत असतील, तर बचावपटूंना रिंगखालून बाहेर यावे लागते आणि आत शिरण्याची वाट मोकळी होते.

परंतु एनबीएचे अनुकरण करताना नियमांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडील स्पर्धा ‘फिबा’च्या नियमांनुसार होतात. एनबीएमध्ये कोणालाही अडवत नसलेल्या बचावपटूला रिंगसमोरच्या चौकटीत तीन सेकंदांहून अधिक काळ थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत बचावावर असे बंधन नाही. त्यामुळे उंच सेंटर रिंगखालीच ठाण मांडू शकतो. उलट फिबाची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, तर एनबीएची बहुतांश ठिकाणी ७.२४ मीटरवर आहे. म्हणजे आपल्या नियमांत ठेंगण्या संघाला आत शिरणे अधिक कठीण, पण बाहेरून नेम साधणे तुलनेने सोपे. बाहेरून नेम लागत नसेल, तर स्मॉल बॉल हा केवळ रिबाउंड गमावण्याचा मार्ग ठरतो.

दोनशे मिनिटांची वाटणी

चाळीस मिनिटांच्या सामन्यात एका वेळी पाच खेळाडू मैदानात असतात. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती एकूण दोनशे मिनिटे असतात. पहिल्या पाचांना प्रत्येकी ३२ मिनिटे दिली, तर उरलेल्या साऱ्यांच्या वाट्याला मिळून ४० मिनिटेच येतात. ठेंगण्या संघाला मैदानभर पळावे लागते, उंच खेळाडूला दोघांनी घेरावे लागते. तो लवकर दमतो. अशा संघाने पहिल्या पाचांची मिनिटे २६ वर आणावीत. मग उरलेली ७० मिनिटे तीन-चार राखीव खेळाडूंत वाटता येतात. पाचव्या फाऊलला खेळाडू सामन्याबाहेर जातो, ही टांगती तलवारही त्यामुळे काहीशी दूर राहते.

पूर्ण सामना ठेंगण्या संघाने खेळणे क्वचितच शहाणपणाचे असते. समोरचा सेंटर विश्रांतीसाठी बाहेर गेल्यावर, त्याच्यावर फाऊलचे ओझे असताना किंवा पिछाडी झपाट्याने भरून काढायची असताना हा डाव उपयोगी पडतो. तो साधला की नाही, हे जाणण्यासाठी संगणक लागत नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी गुणफलक वहीत टिपावा. ते पाच जण मैदानात असताना आपण किती गुण मिळवले आणि किती दिले, यातील फरक खरे उत्तर देतो.

उंची निरर्थक नाही

ह्यूस्टन रॉकेट्सने २०२० मध्ये सेंटर क्लिंट कपेलाला सोडून साडेसहा फुटांहूनही कमी उंचीच्या पी. जे. टकरला त्या जागी खेळवले. दुसऱ्या फेरीत लेकर्सने त्यांना ४-१ असे हरवले. लेकर्सकडे अँथनी डेव्हिस होता. उंच आणि तितकाच चपळ. भारतीय पुरुष संघाने २०१४ मध्ये वुहान येथे चीनला ६५-५८ असे नमवले, तेव्हा अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग हे उंचपुरे खेळाडू संघात होतेच.

दुसरीकडे मुंबईच्या नागपाड्याचे उदाहरण आहे. दाटीवाटीच्या या वस्तीत बास्केटबॉल रुजला तो चेंडूवरील हुकमतीच्या बळावर. १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे, भारताचे कर्णधारपद भूषविलेले अब्बास मुंतासिर याच मातीतले.

या दोन्ही बाजूंचे तात्पर्य एकच निघते. उंच मुलाला रिंगखाली उभे करून तेवढेच शिकवले, तर चपळ संघासमोर तो निष्प्रभ ठरतो. ठेंगण्या मुलाला कायम बाकावर बसवले, तर त्याचे कौशल्य कधी तपासलेच जात नाही. बारा-तेराव्या वर्षी मुलगा पुढे किती उंच होईल, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक नसते. म्हणून त्या वयात प्रत्येकाला चेंडू हाताळणे, पास देणे, बाहेरून नेम साधणे आणि रिबाउंडसाठी जागा अडवणे, हे सारे शिकवावे. लहान राज्याला खेळाडूंची उंची निवडता येत नाही. त्यांना मिळणारी मिनिटे आणि शिक्षण मात्र निवडता येते.