रोज कमरेला लावायला पिस्तूल केवढं हवं? जव्हार-मोखाड्यातून पाहिलं तर प्रश्नच बदलतो

फोनवर अमेरिकेतल्या बंदुकांचे व्हिडिओ दोन-चारदा पाहिले की पुढे तेच येत राहतात. एखादा माणूस टी-शर्ट वर करून पट्ट्यात खोचलेलं पिस्तूल दाखवतो आणि सांगतो, रोजच्या वापराला फुल साइज नको, कॉम्पॅक्ट घ्या. दुसरा म्हणतो, कॉम्पॅक्टही जड, मायक्रो घ्या. आता हे व्हिडिओ हिंदी डबिंग होऊनही फिरतात. खाली मराठीत कमेंट असते: "आपल्याकडे कुठलं मिळेल?"

आधी त्या वादातला खरा मुद्दा समजून घेऊ, कारण तो चुकीचा नाही. पिस्तूल जितकं लहान, तितकं ते कपड्यांखाली लपतं आणि दिवसभर अंगावर बाळगता येतं. पण तेच पिस्तूल चालवायला अवघड होतं. मूठ आखूड, त्यामुळे करंगळी हवेत राहते. नळी आखूड, त्यामुळे पुढची आणि मागची माशी जवळजवळ येते आणि नेम धरताना झालेली बारीकशी चूकही मोठी होते. वजन कमी, त्यामुळे गोळी सुटल्यावर हाताला बसणारा झटका जास्त. ग्लॉक १७ या मोठ्या पिस्तुलाची नळी ११४ मिलिमीटर, तर ग्लॉक १९ या कॉम्पॅक्टची १०२. फरक फक्त १२ मिलिमीटरचा, पण त्यावर तासन्‌तास वाद चालतात. २०१८ साली आलेल्या सिग कंपनीच्या पी-३६५ ने तळहाताएवढ्या पिस्तुलात १० गोळ्या बसवल्या आणि तिथला बाजारच बदलला.

यातलं भारतातल्या सामान्य माणसाला काय मिळतं? वर सांगितलेल्यांपैकी काहीही नाही.

ही तिन्ही पिस्तुलं ९ मिमीची आहेत, आणि ते काडतूस आपल्याकडे 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं, म्हणजे लष्कर आणि पोलिसांसाठी राखीव. शिवाय १९८० च्या दशकात सामान्य नागरिकांसाठी हँडगनची आयात बंद झाली. नामवंत नेमबाजांना त्यातून सूट आहे, तीही खेळासाठी. त्यामुळे ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्यापुढे पर्याय उरतो तो मुख्यतः .३२ किंवा .२२ बोअरच्या, भारतात बनलेल्या हत्याराचा. (जुनी, आयात बंदीच्या आधीची इंग्रजी रिव्हॉल्व्हर हातोहात फिरत राहतात आणि त्यांना अवाच्या सवा किंमत येते, ती याच कारणाने.)

यात बहुतेकांनी नाव ऐकलेलं असतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. तिथलं .३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं. त्याच बोअरमधलं 'अशनी' हे मॅगझिनचं पिस्तूल आहे. 'निर्भीक' २०१४ च्या जानेवारीत आलं. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर ते 'महिलांसाठीचं रिव्हॉल्व्हर' म्हणून गाजलं. वजन साधारण ५०० ग्रॅम, आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. किंमत ऐकूनच अनेकींनी हात जोडले असतील. इशापूरच्या कारखान्याचं 'निडर' त्याहून हलकं, जेमतेम पाव किलोचं, पण ते .२२ बोअरचं. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ' पुन्हा .३२ चं, वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, नळी ७६ मिलिमीटर. त्याचं चक्र बाजूला उघडतं, म्हणून गोळ्या भरायला सोपं जातं. अलीकडे वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी नावाची हत्यारंही उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे बनू लागली आहेत.

म्हणजे 'केवढं पिस्तूल घेऊ' या प्रश्नाचं निम्मं उत्तर सरकारने आधीच दिलेलं आहे. उरलेल्या निम्म्यात रिव्हॉल्व्हर की पिस्तूल एवढाच प्रश्न येतो. रिव्हॉल्व्हरचं चक्र जाड असतं, त्यामुळे लांबी कमी असली तरी पोटाशी फुगवटा दिसतो. पिस्तूल चपटं, पण त्याची देखभाल जास्त. जव्हारचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको की जून ते सप्टेंबर घामाने आणि ओलीने लोखंडाचं काय होतं. पुसलं नाही, तेल दिलं नाही, तर ऐन वेळी अडकणारं हत्यार जवळ नसलेलं बरं.

लपवून ठेवणं हा इथे नियम आहे

अमेरिकेत 'कन्सील्ड कॅरी', म्हणजे झाकून बाळगणं, हा वेगळा हक्क मानला जातो. निम्म्याहून जास्त राज्यांत त्याला परवानाही लागत नाही. आपल्याकडे उलट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक जागी हँडगन नेताना ती होल्स्टरमध्ये किंवा तशाच खास पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि स्वतःच्या ताब्यात ठेवायची असते. दाखवत, हातात मिरवत फिरता येत नाही. लग्नात हौसेने हवेत गोळी झाडली आणि त्याने इतरांचा जीव धोक्यात आला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

परवाना मिळतो कसा? शहरात जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे अर्ज आयुक्तांकडे जातो. जव्हार आणि मोखाडा हे ग्रामीण तालुके, त्यामुळे इथला अर्ज पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान २१ हवं. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, आणि सगळ्यात अवघड म्हणजे कारण द्यावं लागतं. जीवाला धोका आहे असं नुसतं लिहून भागत नाही. तो धोका पोलिसांच्या चौकशीत दिसावा लागतो. "व्हिडिओ पाहून आवडलं" हे कारण नाही.

परवान्यावर क्षेत्रही लिहिलेलं असतं. इथल्या माणसाला हे जास्त लागू पडतं. जव्हारहून सिल्व्हासा जवळ, आणि वर गुजरातची हद्द. बाजाराला, कामाला, दवाखान्याला लोक या सीमा सहज ओलांडतात. मोखाड्याहून त्र्यंबकला गेलात तर जिल्हा बदलला, राज्य नाही. सिल्व्हासाला गेलात की राज्यच संपलं. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर तिथे तेच पिस्तूल बेकायदेशीर ठरतं.

आणि कमरेचा कोयता?

या दोन तालुक्यांत माणसं रोज कमरेला काही लावत असतील तर तो कोयता. कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत तो अडकवला की हात मोकळे राहतात. चढावर, झाडावर, करवंदीच्या जाळीत तो आडवा येत नाही आणि हात मागे नेला की लगेच हाती लागतो. होल्स्टर बनवणाऱ्या कंपन्या जे साधायला धडपडतात, ते या आकडीने कधीच साधलं आहे.

कायद्यात तो शस्त्र का ठरत नाही? कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येतूनच निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू वगळल्या आहेत. पण ही सूट सगळीकडे पुरत नाही. सणासुदीला किंवा तणाव असताना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. शेतावर जाताना कोयता आणि रात्री तालुक्याच्या चौकात भांडणात बाहेर काढलेला कोयता, या दोन गोष्टी पोलिसांच्या लेखी एक नाहीत.

याच जिल्ह्यात बंदुकीने झालेल्या एका दुर्घटनेची आठवण ताजी आहे. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुक्कर समजून झाडलेली गोळी शिकारीला गेलेल्यांपैकीच एकाला लागली आणि तो दगावला. हत्यार केवढं आहे याच्या आधी समोर काय आहे हे दिसणं महत्त्वाचं, हे तिथे फार महागात कळलं.

राहिला गावठी कट्टा. रीलमध्ये दाखवायला आणलेला असो की "फक्त जवळ ठेवायला", विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. ती लहान आहे, खिशात मावते, हा बचाव होत नाही. त्यात नळी कुठल्या पाइपाची, किती दाब सहन करील, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. तो हातातच फुटू शकतो.

परवाना असलेल्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जिल्ह्यातली छाननी समिती परवानाधारकांची यादी पाहते, आणि ज्यांना सांगितलं जाईल त्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. निकालानंतर ते परत मिळतं. जमा केल्याची पावती तेवढी जपून ठेवा.